बत्तीस दाती पातं

माझ्या नवऱ्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला तो भैंशाच्या एका जिनिंगमध्ये. कापसातून निघालेली सरकी पुढे ढकलायला जमिनीखालच्या नालीत एक लांब लोखंडी पेच फिरत असतो. नालीवरची फळी कुणीतरी काढली होती आणि परत ठेवली नव्हती. तिथे सगळे अनवाणी काम करत, कापसावर चपला घालून जाऊ देत नसत. त्यामुळे पाय गेला तरी त्याच्या दोन्ही चपला जिनच्या दाराशी राहिल्या. ट्रकच्या टायरच्या होत्या, जाड, वर टाचेला आणखी एक टायरचा तुकडा ठोकलेला. दवाखान्यातून परत येताना मी त्या पिशवीत घालून घरी आणल्या. उजवी तो घालू लागला. डावी मी पेटीत ठेवली. फेकण्यासारखी झाली नव्हती म्हणून ठेवली, दुसरं काही कारण नव्हतं.

पुढचं वर्ष त्याने काठीवर काढलं. मी दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, वेचायला जात होते. लग्नाआधीही तेच करत होते, त्यामुळे मला त्यात नवीन काही नव्हतं. नवऱ्याला मात्र घरी बसणं जमत नव्हतं. तो सासूशी भांडायचा, कोंबड्यांशी भांडायचा, मी आले की माझ्याशी. जिनचा मॅनेजर माणूस वाईट नव्हता. त्याने निरोप पाठवला की नवा कापूस येईल त्या दिवशी ये. गेटपासून वजनकाट्यापर्यंत आपल्या पायाने, काठीशिवाय चालत ये, मग तुला गेटवर ठेवतो. गेटवरच्या माणसाला प्रत्येक गाडीबरोबर काट्यापर्यंत जावं लागायचं, म्हणून ही अट. गेट ते काटा म्हणजे आमच्या घरापासून हापशापर्यंत जेवढं, तेवढंच.

त्याच उन्हाळ्यात कळलं की आदिलाबादला कृत्रिम पायांचं शिबिर आहे. आम्ही दोघं गेलो. निर्मल, नेरडीगोंडा करत बस चढत गेली आणि नवरा सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. एका शाळेत शिबिर होतं. माप घेणारा माणूस तेलुगू बोलणारा होता, सकाळपासून वाकून वाकून त्याचा जीव गेला होता. नवऱ्याचा नंबर आल्यावर त्याने न बघताच म्हटलं, चेप्पु, आणि पुढे आणखी काहीतरी.

चेप्पु म्हणजे सांग, एवढं तेलुगू आमच्याकडे सगळ्यांना येतं. बाजारात, तहसिलीत, सगळीकडे तेच ऐकू येतं. नवऱ्याने सांगायला सुरुवात केली. नाली, फळी, पेच, दवाखाना, सगळं. अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. त्या माणसाने आणखी एकदा चेप्पु म्हटलं. नवऱ्याला वाटलं, अजून सांगायचं आहे. त्याने मॅनेजरचा निरोपही सांगितला. मागची रांग हसायला लागली. शेवटी त्या माणसाने हात झटकला, चांगल्या पायाचं गुडघ्यापासून जमिनीपर्यंत माप घेतलं, कागदावर लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी पाय मिळाला. वर कातडीच्या रंगाच्या प्लास्टिकची वाटी, तिच्यात गुडघ्याखालचं उरलेलं ठूठ बसवायचं. वाटीच्या बुडाला बोल्टने बसवलेला जर्मनचा पाईप. आमच्याकडे भांडी ज्याची असतात त्या अॅल्युमिनियमला आम्ही जर्मन म्हणतो. आणि खाली रबराचं पाऊल. शाळेच्या वऱ्हांड्यात त्यांनी त्याला बांबूंच्या मधून चालवलं. तो सरळ चालला. एकदा गेला, एकदा आला, मग बांबू सोडून चालला. मी भिंतीला टेकून बघत होते. खांदे एका रेषेत होते. मला वाटलं, झालं, सुटलो.

घरी आल्यावर मी पेटीतून डावी चप्पल काढली. पुसली आणि त्या रबरी पावलात घातली. पट्टा बरोबर बसला.

तो अंगणात दोन पावलं चालला आणि थांबला. पाय लांब होत होता. चप्पल काढून घरात चालला तरी लांबच. डाव्या बाजूने कंबर वर उचलली जात होती, जणू प्रत्येक पावलाला एक पायरी चढतो आहे. दीड बोट जास्त. शिबिरात बरोबर होता आणि घरी दीड बोट जास्त, याचा अर्थ आम्हाला लागेना. सासू ओसरीवर बसून बघत होती. ती म्हणाली, "उन्हात फुगला असन. जर्मनचं भगुनं चुलीवर फुगतेच."

नवऱ्यालाही ते पटल्यासारखं दिसलं.

महिनाभर त्याने तसंच चालून पाहिलं. कंबर धरली, वाटीची मागची कड गुडघ्यामागे रुतून तिथे फोड आला. शिबिराच्या कागदावरच्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. चौथीपर्यंत शिकले आहे, पत्र लिहिता येतं. उत्तर आलं नाही. शिबिर पुन्हा कधी, कुणाला माहीत नव्हतं आणि कापसाला बोंडं लागली होती. मग नवऱ्याने ठरवलं की पाईप दीड बोट कापायचा आणि वाटीची कडही कापायची.

पाय घेऊन मी आधी सुताराकडे गेले. तो हात लावायला नाही म्हणाला. पायाला नाही म्हणाला की आम्हाला, ते मी विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं तर नवरा माझ्यावरच चिडला. पाय चुकला आहे हे जिनपर्यंत गेलं तर मॅनेजर दुसरा माणूस बघेल, आता कुणाला काही सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं. त्यामुळे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे लोखंड कापायची करवत मागायला गेले तेव्हा कवाडाची कडी कापायची आहे असं मी सांगितलं. त्या करवतीला सगळे एक्सा म्हणतात. त्याने फ्रेम दिली. पातं तुटलेलं होतं, ते तुझं तू आण म्हणाला.

पातं आणायला भैंशाला गेले. लोखंडी सामानाच्या दुकानात बाई एकटी गेली की लोक आधी तिच्या मागे पुरुष आहे का ते बघतात. दुकानदाराने माझ्या मागे बघितलं आणि मग विचारलं, क्या होना. एक्साचं पातं म्हटल्यावर त्याने माझ्यापुढे तीन तऱ्हेची पाती ठेवली. मला तिन्ही सारखीच दिसली. तो म्हणाला, ये अठरा दाँत, ये चोबीस, ये बत्तीस, एका इंचात इतके. मी बोट फिरवून बघितलं. अठराचे दात बोटाला टोचत होते, मोठे, एकमेकांपासून लांब. बत्तीसचे इतके बारीक की बोट नुसतं खरखरलं.

माझ्या मनात तेव्हाच आलं की बत्तीसच घ्यायचं. माणसाच्या तोंडात बत्तीस असतात. बत्तीशी म्हणजे पुरे दात. अठरा दातांचं तोंड म्हणजे म्हातारं तोंड, सासूच्या तोंडात तेव्हा जवळजवळ तेवढेच उरले होते आणि तिला भाकर कुस्करून द्यावी लागत होती. जास्त दात ते जास्त चावेल, यात विचार करण्यासारखं काय होतं?

दुकानदाराने विचारलं, "क्या काटना है?"

मी म्हटलं, पाईप.

"लोहे का?"

मी मान हलवली. जर्मनचा म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, जर्मनचा पाईप तुमच्या घरी कुठला. आणि त्याच्या दुकानातून जिनला माल जात होता.

"पतला है?"

पुन्हा मान हलवली.

"तो बत्तीस ले जाओ," तो म्हणाला. त्याची चूक नव्हती. पातळ लोखंडाला तेच लागतं, हे मला आता माहीत आहे. मी दोन पाती घेतली आणि आपली अक्कल दुकानदाराच्या अकलेशी जुळली म्हणून खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसलो. सासूला ओसरीवर बसवलं, कुणी आलं तर बोलत ठेव म्हणून. रबराचं पाऊल स्क्रू काढून वेगळं केलं. नवऱ्याने पाईप कपड्यात गुंडाळून उखळावर आडवा धरला, वाटी काखेत. कोळशाने दीड बोटावर रेघ मारली. माणूस आपलाच पाय बायकोपुढे कापायला धरून बसला आहे, असं दिसत होतं. मला हसू आलं होतं. त्याला आलं नाही.

पहिले चार हात बरे चालले. चकचकीत भुगा पडला. मग पातं नुसतं घसरायला लागलं. मी जोर लावला. पात्यातून कुईकुई आवाज येऊ लागला, पाईप हाताला गरम लागायला लागला.

"दाबू नको," नवरा म्हणाला, "चालू दे तिला आपली आपली."

"चालूनच नाही राह्यली."

"मंग बघ तं काय झालं."

बाहेर काढून बघितलं तर पात्याला दात दिसतच नव्हते. इंचाइंचातल्या बत्तीसच्या बत्तीस दातांमधल्या फटी जर्मनने भरून गेल्या होत्या. पातं नव्हे, पांढरी पट्टी झाली होती. मी सुईने टोकरून काढायला बसले. एक फट मोकळी करून दुसरीकडे गेले की घाम यायचा. इंचाला बत्तीस आणि पातं हातभर. पुन्हा लावलं, चार हातांत पुन्हा भरलं. ओसरीवरून सासू म्हणाली, "दात कोरायलेच दिवस जाईन तुमचा."

मग मी जोरच लावला. पातं मधोमध तुटलं आणि अर्धा तुकडा कापात अडकून राहिला.

दुसरं पातं त्या कापात जाईना. म्हणून पाईप फिरवून आम्ही पलीकडच्या बाजूने सुरू केलं. कोळशाची रेघ तोपर्यंत घामाने पुसून गेली होती. मी अंदाजाने धरलं. दुपारपर्यंत दोन्ही काप आत पोचले पण एकमेकांना भेटले नाहीत. एक इकडे, एक तिकडे, मधे पायरी. तुकडा वाकवून तोडला. मग ती पायरी घालवायला नवरा पाईप दगडावर घासत बसला. एका बाजूला सरळ झालं की दुसऱ्या बाजूला तिरकं व्हायचं. ते घालवायला पुन्हा घासायचं. शेवटी जवळपास सरळ झाला तेव्हा दीड बोटाऐवजी तीन बोटं गेली होती. जो पाय लांब होता तो आता आखूड झाला.

तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटीची कड राहिली होती आणि गुडघ्यामागचा फोड चिघळत होता. प्लास्टिक मऊ, त्याला काय लागतं, असं आम्हाला वाटलं. मी भराभर हात चालवले. प्लास्टिकचा भुगा झाला नाही, ते वितळलं. पात्याच्या मागे मागे काप चिकटून बंद होत गेला आणि पातं आत धरलं गेलं. नवऱ्याने वाटी दोन्ही हातांनी धरून हिसका दिला. पातं निघालं आणि वाटीला कडेपासून बोल्टच्या भोकापर्यंत चीर गेली.

सासू या वेळी काही बोलली नाही, त्यावरून मला कळलं की तिला दिसलं आहे.

वाटीभोवती सायकलची ट्यूब फाडून घट्ट गुंडाळली. पाईप खालच्या पावलात बसवताना आत नाण्यासारख्या चकत्या घालून उंची भरून काढायचा प्रयत्न केला. त्या हलायच्या आणि चालताना खडखड वाजायचं.

नवा कापूस आला त्या दिवशी आम्ही जिनवर गेलो. मी गेटबाहेर थांबले, बायकांना आत यायचं काही काम नव्हतं. नवऱ्याने काठी माझ्याकडे दिली. दोन्ही चपला घातल्या होत्या, धोतर स्वच्छ होतं. मॅनेजर काट्याजवळ वही घेऊन उभा होता, त्याने हात वर केला. नवरा निघाला. खडखड मला गेटपर्यंत ऐकू येत होती. पहिल्या गाडीपर्यंत बरा गेला. दुसऱ्या गाडीपाशी त्याने गाडीच्या चाकाला हात लावला आणि लगेच काढला. मग आणखी थोडा गेला आणि ट्यूब सरकली, चीर उघडली आणि वाटी त्याच्या मांसाला चावली. तो पडला नाही. कापसाच्या एका गंजीवर बसला, जणू बसायचंच होतं.

मॅनेजर त्याच्याजवळ आला, काहीतरी बोलला, खांद्यावर हात ठेवला. नवऱ्याने मला नंतर सांगितलं की तो म्हणाला, यंदा आराम कर, पुढच्या हंगामात बघू. संध्याकाळच्या आत गेटवर दुसरा माणूस बसला होता. मॅनेजरने तरी काय करायचं, गाड्या थांबत नाहीत.

त्यानंतर नवऱ्याने पाय घातला नाही. खुंटीला टांगला. तो खाटेवर बसायचा, ठूठ दुमडून, त्यावर हात ठेवून. सासूशी भांडणंही बंद झाली. सासूला ते जास्त लागलं, ती मुद्दाम कुरापत काढायची आणि तो हूं म्हणायचा.

दोन पावसाळ्यांनंतर निर्मलला शिबिर लागलं. मी त्याला जबरदस्तीने नेलं. तो रांगेत बाकावर बसला आणि मी पाणी बघायला मागे गेले. तिथे वऱ्हांड्यात एक माणूस जर्मनचा पाईप कापत होता. एक्साच होता, आमच्यासारखाच. चर्र चर्र चालला होता, भुगा मोठा मोठा पडत होता, आणि दर थोड्या वेळाने तो पात्यावर साबणाची वडी घासत होता. मी उभी राहून बघितलं. विचारलं, किती दात. तो वर बघून हसला, बाईने असं विचारावं याचं नवल वाटून. अठरा, म्हणाला. मी म्हटलं, बत्तीस नाही? तो म्हणाला, बत्तीस बारीक लोखंडाला. हा धातू मऊ, बारीक दातांत भरून बसतो, मग दात असून नसल्यासारखे. मोठे दात पाहिजेत, मधे जागा पाहिजे भुग्याला जायला. आणि प्लास्टिकलाही मोठेच, पण हळू, सावकाश, घाई केली की वितळतं. त्याने मला ते पातं हातात दिलं. बोटाला टोचलं. भैंशाच्या दुकानात पहिलं टोचलं होतं तेच.

परत आले तर नवऱ्याचा नंबर आला होता. माप घेणारा दुसरा होता, पण तेलुगूच. तोही म्हणाला, चेप्पु, आणि पुढे काहीतरी. नवऱ्याने मान खाली घातली आणि सांगायला सुरुवात केली. नाली, फळी. या वेळी आवाज अगदी बारीक होता. शेजारी एक मराठी नर्स कागद लिहीत होती. तिने वर बघितलं.

"काका, चप्पल काढा म्हणतात ते," ती म्हणाली. "चेप्पु म्हणजे चप्पलसुद्धा. सांगा नाही म्हणत."

नवऱ्याने पायातल्या चपलेकडे बघितलं. उजवीकडे. टायरची, जाड, टाचेला तुकडा. मग माझ्याकडे बघितलं.

आदिलाबादला माप चपलेसकट घेतलं होतं. पाय तेवढाच केला होता. एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात नाही, असा तो बांबूंमधून चालला आणि खांदे एका रेषेत होते. घरी मी पेटीतून डावी काढून दिली.

"म्हंजे तवा बरोबर होता," नवरा म्हणाला.

"होता."

त्याने चप्पल काढली. माप घेणाऱ्याने ठूठ हातात धरलं आणि गुडघा सरळ करायचा प्रयत्न केला. झाला नाही. दोन वर्षं दुमडून बसल्याने गुडघा आखडला होता. त्याने नर्सला तेलुगूत सांगितलं आणि नर्सने आम्हाला. सरळ होत नाही तोवर पाय बसणार नाही. रोज ओढायचा, वजन बांधायचं, मग बघू. आम्ही काही दिवस ओढला. तो ओरडायचा म्हणून मी सोडून दिलं, आणि मी सोडलं तेव्हा त्याने धर म्हटलं नाही.

त्याच्या उजव्या पायाखाली नुसती चप्पल ठेवायची होती आणि डाव्याखाली काही नाही. त्या महिन्यात असं आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. जास्त झालं ते कापायचं, एवढंच आम्हाला येत होतं. आणि मी पातं निवडायला भैंशाला गेले, अठरा की चोवीस की बत्तीस.

तो पुढे आठ वर्षं जगला, त्याच खाटेवर. सासू त्याच्या आधी गेली. खुंटीवरची वाटी ऊन खाऊन पिवळी पडली आणि एक दिवस आपोआप दोन तुकडे झाली. जर्मनचा पाईप मी काढून घेतला आणि चुलीला फुंकणी केली. जरा जाड होता पण चालला. फुंकताना तो खाटेवरून बघायचा. पाईपचं एक टोक अजून तिरकं आहे, ओठाला लागतं, म्हणून मी दुसऱ्या टोकाने फुंकते.